मायक्रोस्कोप घेऊन पालीला

टेम्पो अठराशे. कडाप्प्याची लादी सहाशे. दोन दिवसांचं जेवण फुकट, कारण तिथल्या मावशींनी पैसे घेतले नाहीत. हळदीची पुडी दहा रुपये. पालीच्या ट्रिपला किती खर्च आला असं कोणी विचारलं की मी एवढं सांगतो. यात सगळ्यात महाग हळद पडली, हे सांगत नाही. ते इथे लिहितोय.

भाईंदर पूर्वेला माझा गाळा आहे. एके काळी त्याच इस्टेटमध्ये दुसऱ्याच्या लेथवर उभा राहायचो, आता तीन मशिनं माझी आहेत. शिक्षण बेताचं. माझं खरं भांडवल म्हणजे कान. कुठल्याही मशिनचं दुखणं मी आवाजावरून ओळखतो.

मुलगी स्नेहल मात्र पार पुढे शिकली. माशांच्या कल्ल्यांतल्या पेशी खाडीच्या पाण्यात किती वेळ जिवंत राहतात, हा तिचा अभ्यास. त्यासाठी असा मायक्रोस्कोप लागतो की पेशींना एक रंग पाजायचा, वरून निळा उजेड टाकायचा, आणि जिवंत पेशी हिरव्या चमकायला लागल्या की मशिनने आपलं आपण सरकत, फोकस करत दिवसभर त्यांचे फोटो काढायचे. तयार घ्यायला गेलं तर शांती नगरातला आमचा फ्लॅट विकावा लागला असता. मग तिने असा प्रकार शोधला की जो तुकड्यातुकड्यांनी जोडता येतो. ॲल्युमिनियमचे चौकोनी ब्लॉक. एकात भिंग, एकात आरसा, एकात फिल्टर, एकात कॅमेरा. प्रत्येक ब्लॉक चार स्क्रूंनी उघडतो. सगळे ब्लॉक माझ्या गाळ्यात बनले. तिची एकच अट होती, आतून काळे कुळकुळीत हवेत. आत काहीही चमकता कामा नये.

जिवंत मासे दाराशी मिळावेत म्हणून स्नेहलने उत्तनच्या पुढच्या पाली गावात एक खोली घेतली होती. शहरातल्या एका संस्थेतले सर मशिन बघायला तिथे येणार होते. पेशींचे फोटो दिवसभर नीट आले तर दोन वर्षं ते काम तिथेच, तिच्या हाताखाली चालणार होतं. नाही आले तर हैदराबादची कंपनी. तिथल्या नोकरीचं पत्र येऊन पडलं होतं, आणि त्या पत्राचं नाव घरात कोणी काढत नव्हतं.

निघायच्या सकाळी स्नेहल लॅपटॉप आणायला घरी गेली होती. पूजा-बिजा नको, बाबा, असं तिने आधीच बजावलं होतं. नारळ नाही, अगरबत्ती नाही, मला पटलं. पण माझ्या गाळ्यातून एकही मशिन हळदीचं बोट लागल्याशिवाय बाहेर पडलेलं नाही. तिला दिसू नये म्हणून मी एक ब्लॉक उघडला, आतल्या भिंतीला एक बोट ओढलं, चार स्क्रू परत आवळले. बोट रुमालाला पुसलं.

आता रस्ता. कोणाला जायचं असेल तर सकाळी लवकर निघा, नाहीतर पूर्वेकडून पश्चिमेला येण्यातच अर्धी सकाळ जाते. एकदा पश्चिमेला आलात की मिठागरांच्या बाजूने मुर्धा, राई, मोर्वा असं एकामागून एक गाव लागतं. पुढे डोंगरीचा चढ, मग उत्तन. स्टेशनवरून बसही जाते. रस्ता चांगला असेल अशा आशेवर राहू नका. आमचा टेम्पोवाला प्रत्येक खड्ड्याला आरशात मागे बघायचा. शेवटी त्याने विचारलंच, "चाचा, काच है क्या अंदर?" मी म्हटलं, काच पण आहे आणि मुलगी पण आहे, आहिस्ता चलो.

उत्तनला बांबूंवर बोंबील वाळत घातले होते. वास येतो, पण दहा मिनिटांत नाक सरावतं. पालीच्या गल्लीत टेम्पो शिरत नाही, दुचाकी कशीबशी जाते. सामान नाक्यावर उतरवलं. ज्यांची खोली होती त्या कार्मेलिन मावशी स्वतः आल्या आणि पेटी डोक्यावर घेऊन चालायला लागल्या. जपून, जड आहे, असं मी म्हणालो.

"यात मासली न्हाय ना? मंग कसली जड."

खोली म्हणजे त्यांच्या घराची मागची बाजू, आधी जाळी ठेवायची जागा. खिडक्यांना काळा कागद लावला, कडाप्पा बसवला, दुपारपर्यंत ब्लॉक जोडले. फादरना बोलावून मशिनवर पाणी शिंपडून घेते, असं मावशी म्हणाल्या. स्नेहलने हसून नको सांगितलं. मी कडाप्पा पुसत राहिलो. आपलं काम झालंय, या समाधानात.

मशिन सुरू केलं तर सरकताना किरकिर करायला लागलं. स्नेहल लॅपटॉपमध्ये चूक शोधत बसली. मी कान लावला आणि सांगितलं, मोटरच्या टोकाचा स्क्रू ढिला आहे. तो आवळला आणि आवाज गेला. चाचणीसाठी सोबत आणलेल्या थोड्या पेशींची तिने डिश केली आणि म्हणाली, "बाबा, पहिली डिश तुम्ही ठेवा." मी हात रुमालाला स्वच्छ पुसले आणि डिश ठेवली. दिवा बंद केला. पडद्यावर काळोखात एक गोळा चमकला, हिरवा, असा की बघत राहावं. मावशींनी छातीवर क्रूसाची खूण केली. स्नेहल म्हणाली, जरा जास्तच चमकतंय. तोपर्यंत मी फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवलाही होता. खाली लिहिलं होतं, मीरा-भाईंदरमध्ये बनलेल्या मायक्रोस्कोपने टिपलेली पहिली जिवंत पेशी. तिथूनच फोन करून, खाली त्याच ओळीसकट, त्याची मोठी प्रिंट आणि फ्रेम सांगून टाकली.

त्या दिवशी आम्ही मावशींकडे तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण जेवलो. इतकी बोलणारी स्नेहल मी तिच्या लहानपणानंतर पाहिली नव्हती. या खोलीत फ्रिज कुठे ठेवायचा, पावसाळ्यात ओल कशी अडवायची. ती दोन वर्षं तिने जेवताजेवता मांडून टाकली.

दुसऱ्या दिवशी मावशी बादलीत जिवंत बोय मासे घेऊन आल्या. स्नेहलने कल्ले काढले, पेशी सुट्या केल्या, रंग पाजला. सर आले. भला माणूस, पायातले बूट दाराबाहेर काढून आत आला. मशिन चालू झालं. आवाज लोण्यासारखा. मी खुशीत होतो.

पडद्यावर मात्र नुसतं हिरवं. मोरीच्या खिडकीच्या काचेतून बघावं तसं. पुढचा फोटो हिरवा, त्याच्या पुढचा हिरवा. पेशी त्यात कुठेतरी होत्या, पण धुक्यात माणसं असतात तशा. स्नेहलने उजेड कमी केला, जास्त केला, फिल्टर काढून पुन्हा बसवला. मी परत परत कान लावत होतो. ऐकायला काही नव्हतं. उजेडाला आवाज नसतो.

सर म्हणाले, रिकामी डिश ठेवून बघ. रिकामी ठेवली. तेवढंच हिरवं.

"म्हणजे पेशी नाहीत," सर म्हणाले, "मशिनच चमकतंय."

ती एकेक ब्लॉक उघडायला लागली. अंधारात निळी बॅटरी आत मारायची, बघायचं, बाजूला ठेवायचं. एका ब्लॉकमध्ये बॅटरी मारली आणि आतून हिरवा-पिवळा उजेड बाहेर आला. भिंतीवर एक आडवा पट्टा पेटला होता. बोटाच्या रुंदीचा. आदल्या दिवसापासून मशिन सरकून सरकून पावडर झडून खाली आरशावर सांडली होती, तीही चमकत होती; म्हणून पहिल्या दिवशी पडदा काळा दिसला होता. हळद निळ्या उजेडात अशी पेटते हे जन्मात ठाऊक नव्हतं. दर दसऱ्याला ती मशिनला लावत आलो, पण अंधारात कधी बघितली नव्हती.

स्नेहलने त्या पट्ट्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. अंधार होता, पण पाहिलं ते कळलं.

सरांनी विचारलं, काय आहे ते?

"ऑइल असेल, सर," ती म्हणाली. "गाळ्यातलं."

मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. तिने एकदा ऑइल म्हटल्यावर मी हळद म्हणालो तर ती खोटी पडेल, असं मनाला समजावलं. खरं म्हणजे सरांसमोर लाज वाटली.

तिने आरसा पुसला, भिंत घासली, पण पिवळा डाग ॲल्युमिनियमच्या काळ्या रंगात मुरला होता. सकाळच्या पेशी एव्हाना मरायला लागल्या होत्या. सर अजून थोडा वेळ बसले, चहा घेतला, कळवतो म्हणाले. मी बाहेर विहिरीपाशी उभा होतो. ते गल्लीच्या तोंडाशी फोनवर बोलत होते. दुसऱ्या कोणाला ऐकू गेलं नसतं.

"मुलगी हुशार आहे रे. पण सामान घरगुती आहे."

हे मी स्नेहलला सांगितलेलं नाही. ती हा ब्लॉग वाचत नाही, म्हणून लिहितोय.

परतीचा रस्ता तोच, खड्डेही तेच. टेम्पोवाल्याने आरशात मागे बघितलं नाही. राईपाशी स्नेहल म्हणाली, रुमाल द्या, बाबा. मी खिशातून काढला. तिने तो उलगडला, एका कोपऱ्याकडे बघितलं, घडी घालून परत दिला. डोळे ओढणीला पुसले.

सरांचं उत्तर आलं, छान भाषेत, नाही म्हणून. ती हैदराबादला गेली. पगार चांगला आहे. तिथे मशिनं तयार येतात, ती चालवायची असतात. फोनवर जेवण-खाण, हवापाणी एवढंच बोलते. पालीचं नाव तिने एकदाही काढलं नाही, हळदीचंही नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. आईला म्हणे तिने सांगितलं, बाबांना काही बोलू नकोस.

ब्लॉक गाळ्यात खोक्यात आहेत. गेल्या महिन्यात कडाप्पा आणायला एकटाच पालीला गेलो, तर मावशींनी त्यावर सुकट पसरली होती. म्हणाल्या, "पोरगी कवा येनार हाय? खोली कोनाला दिली न्हाय मी." मी म्हटलं, येईल. कडाप्पा तिथेच ठेवला. ज्यांना समुद्र बघायचाय त्यांनी पालीला जरूर जावं. गाव चांगलं आहे. माणसं त्याहून चांगली. मला आता तिथे जाववत नाही.

तो फ्रेम केलेला फोटो गाळ्यात लेथच्या वर लावलेला आहे. गिऱ्हाइकं विचारतात, मी सांगतो, आमच्या मायक्रोस्कोपने काढलेला. हैदराबादला जायच्या आदल्या दिवशी स्नेहल गाळ्यात आली होती. फोटोसमोर थोडा वेळ उभी राहिली. फोटो राहू दे म्हणाली, फक्त खालची ओळ काढा.

ती पेशी नव्हती. माझ्या रुमालावरून डिशमध्ये पडलेला हळदीचा कण होता.