म्हातारीनं सोडवलेला रोजा

रमजान ऐन उन्हाळ्यात आला होता आणि मी तालुक्याच्या दवाखान्यात नवीनच नर्स म्हणून लागले होते. केळापूरकडची एक म्हातारी हगवणीनं पार सुकून आली. डोळे खोल गेलेले, ओठांना भेगा. डॉक्टर म्हणाले, ''हिला घोट घोट पेज पाजत राहा. पोटात पाणी गेलं नाही तर संध्याकाळ बघत नाही ही.''

मी मीठ घालून तांदळाची पेज नेली. तिनं तोंड फिरवलं. थोड्या वेळानं पुन्हा नेली, पुन्हा तेच. नुसती माझ्या तोंडाकडं बघायची अन् मान हलवायची. माझं डोकंच फिरलं. जीव चाललाय अन् बाईला विटाळ सुचतोय! सगळ्या वॉर्डासमोर ओरडले, ''मुसलमानाच्या हातचं चालत नाही ना? मग तसं सांग!''

म्हातारी रडवेली झाली. पण डोळ्यांत यायला अंगात पाणी होतं कुठं?

''हातचं कायचं वं पोरी,'' ती कशीबशी म्हणाली. ''आया सांगे, तुहा रोजा हाय. एवढ्या उन्हात तू कोरड्या तोंडानं धावून राह्यली, अन् मी तुह्यापुढं पिऊ? मले पाप लागन.''

या अल्लाह! शरमेनं मी खाली बसले. समजावलं, दटावलं. मी बाहेर जाते, आया पाजेल, म्हटलं. म्हातारी ऐकेचना.

नोकरीला लागले तेव्हा अब्बा सायकलीचं पंक्चर काढता काढता म्हणाले होते, कोणाच्या जिवासाठी रोजा सोडावा लागला तर सोड, नंतर भरून काढता येतो. ते आठवलं. बिस्मिल्ला म्हणून त्याच वाटीतला एक घोट घेतला. ''झालं समाधान? पी आता, बुढीमाय!''

ती प्याली. दुपारभर थोडी थोडी पीत राहिली. माझ्या मनाला मात्र एकच टोचणी. रोजा त्या घोटानं मोडला, की त्याआधीच, मी तिच्यावर तोंड टाकलं तेव्हा?

मावळतीला मशिदीतून अजान आली. मागून हाक आली, ''पोरी!'' म्हातारी कोपरावर टेकून उठली होती. हातात पाण्याचा गिलास होता.

''बांग झाली नं वं. सोड आता तुहा रोजा.''

''माझा तर दुपारीच मोडला, माय.''

''हट्! माह्यासाठी घेतलेल्या एका घोटानं कुठं रोजा मोडते? पी.''

तिच्या हातानं मी पाणी प्याले, आणि सगळ्या वॉर्डासमोर रडले.