सर्जनचा एअरब्रश

आमच्या भाऊजींना घरात सगळे सर्जन म्हणतात, अर्थात पाठीमागे. पाणीपट्टीच्या कचेरीत ते खिडकीवर बसतात. शिक्का नीट उमटला नाही, की रांग तशीच ताटकळत ठेवून टाचणीने शिक्क्यातली घाण कोरत बसतात. लोक करवादतात. भाऊजी म्हणतात, "पावती स्वच्छ हवी की नको?"

घरी आले की ते एअरब्रश साफ करतात. एअरब्रश म्हणजे पेनाएवढं यंत्र. वर रंगाची वाटी, आत लांब सुई, पुढे मोहरीएवढं तोंड. मागून हवा सोडली की रंग धुक्यासारखा उडतो म्हणे. आम्ही तो उडताना पाहिलेला नाही. विमानांची छोटी मॉडेलं रंगवायला म्हणून भाऊजींनी तो घेतला आणि ती मॉडेलं कपाटात अजून करडीच आहेत. ताई त्याला पिचकारी म्हणते. "पिचकारी नाही, एअरब्रश," असं भाऊजी दर वेळी दुरुस्त करतात. दुरुस्तीची हौसच दांडगी.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मध्ये बाबांची बोट आली.

आमचे बाबा जन्मभर नदीवरच्या फेरीबोटीत इंजिनावर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी तिची हातभर लांब प्रतिकृती केली, लाकडाची. स्वतः रंगाआधीचं अस्तर दिलं, पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलं. तोवर काचबिंदूने डोळे बरेच खाल्ले होते. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. बाबांना एवढंच हवं होतं, की दिसतंय तोवर ती रंगात पाहायची. खाली लाल, वर पांढरा, धुराड्याला निळा पट्टा. त्यांचे हात थरथरत, म्हणून मी ब्रश घेऊन बसले, तर भाऊजी आडवे आले.

"ब्रशचे फराटे उठतात. बाबा, माझ्याकडे द्या. अशी रंगवतो, की हात फिरवलात तरी रंग कुठे सुरू झाला ते कळणार नाही."

"जावईबापूंचं काम सफाईदार असतं," बाबा म्हणाले आणि बोट देऊन मोकळे झाले.

पुढच्या वेळी ताईकडे गेले, तर टेबलावर टॉवेल पसरलेला, त्यावर एअरब्रशचे अवयव ओळीने मांडलेले. भाऊजींच्या डोळ्याला भिंग.

"वाटीत बुडबुडे येतायत," ते गंभीरपणे म्हणाले. "तोंडाशी हवा गळतेय."

ती थांबावी म्हणून त्यांनी ते तोंड घट्ट आवळलं. खात्री व्हावी म्हणून आणखी आवळलं. ते तडकलं. नवीन मागवलं, ते येईपर्यंत सुई पुसून ठेवावी म्हटलं, तर ती टोकावर पडली आणि वाकली. मग रबराची चकती फुगली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. आमचे भाऊजी नाचायचं सोडून अंगणच सारवत बसले. बाबा फोनवर विचारायचे, "लाल झाला का?" पुढे पुढे चहा कपाबाहेर ओतायला लागले, तरी विचारायचे.

एक दिवस यंत्र खरंच चाललं. भाऊजींनी वर्तमानपत्रावर केसासारखी बारीक रेघ मारून दाखवली.

"भरा आता लाल," मी म्हटलं.

"आत्ताच तर साफ झालाय. लगेच त्यात रंग घालू?"

"अहो, मग काय घालतात त्यात?" ताईने विचारलं. तोवर त्यांनी सुई पुन्हा बाहेर काढली होती. मला त्या माणसाचा इतका राग आला, की चहा न घेता निघाले.

मग एका सकाळी बाबांनी मला पडदे उघडायला सांगितले. पडदे उघडेच होते.

हे कळल्यावर ताई भाऊजींसमोर खुर्ची टाकून बसली आणि बोट रंगेपर्यंत उठली नाही. खोटं कशाला बोलू, सुरेख रंगली होती. वास जाईपर्यंत वाळू दिली आणि मग भाऊजींनी ती स्वतः आणून बाबांच्या मांडीवर ठेवली. "हं, ओळखा," म्हणाले. एवढं झाल्यावरही शाबासकी हवी होती.

बाबांनी बोटीच्या पुढच्या टोकापासून धुराड्यापर्यंत सावकाश हात फिरवला. मग चाचपडत भाऊजींचा गुडघा शोधून थोपटला.

"असू द्या, जावईबापू. नाही झाली रंगवून तर नाही. अस्तर मात्र छान राखलंत."

"रंगवलीय, बाबा."

"हो का?" बाबांनी पुन्हा हात फिरवला. "लाल कुठे संपतो?"

भाऊजींनी त्यांचा हात धरून लाल-पांढऱ्याच्या सीमेवर नेला. तिथे हाताला लागेल असं काहीच नव्हतं.