सुकत्या वार्निशचा वास

आधीच स्पष्ट करते – जे मोजता येत नाही, ते मी मानत नाही. एम.टेक. करणाऱ्या मुलीने गूढ अनुभवांच्या या सदरात लिहावे, याचे मलाच नवल वाटते.

२००९ सालची दिवाळीची सुट्टी. कासार आंबोलीच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत बाबांचे मोटार रिवाइंडिंगचे, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून देण्याचे, दुकान होते. ते गेल्यापासून, दीड वर्ष, बंदच. शेतकऱ्यांचा जळलेला पंप आला की उघडण्याआधी बाबा मला त्याच्याशी नाक न्यायला सांगायचे. "सांग, काय जळलं?" मी म्हणायचे, "बाबा, बिघाड मीटर शोधतो, नाक नाही." शेवटच्या भेटीतही मी हेच म्हणाले होते...

आईचे गुडघे दुखतात म्हणून मावशीने परदेशातून कॉर्डलेस व्हॅक्यूम क्लीनर पाठवला होता. "अगं, जळका वास मारतोय, बघ जरा," आई म्हणाली. सकाळी अकराला मी तो बाबांच्या टेबलावर खोलला. ब्रशच्या रोलरला आईचे केस आणि गोधडीचा दोरा करकचून गुंडाळला होता. रोलर अडकलेला, पट्टा घासून तापलेला – म्हणून रबराचा वास. दोरा कापला, फिल्टर झटकला. कारण सापडले, विषय संपला.

पण वास संपला नाही – बदलला. बॅटरी काढून बाजूला ठेवलेली, मोटार गार, खिडकी उघडी. तरी वास वाढतच होता... गोडसर, घशाला चिकटणारा.

तेवढ्यात बाबांचे जुने गिऱ्हाईक, रिहे गावचे सोपानकाका, नवे तांदूळ घेऊन आले. दारातच थबकले.

"दुकान चालू केलं व्हय गं?"

"नाही काका. हे मशीन जळतंय."

"जळतंय? कालेजात नाक काढून ठिवत्यात का काय! आगं, नवं वाइंडिंग सुकतंय, त्येचा वास हाय ह्यो. तुजा बा बल्ब लावून सुकवायचा न्हाई का?"

दुकानात वाइंडिंगवर चढवायच्या वार्निशचा थेंबही नव्हता. डबे आईने केव्हाच देऊन टाकले होते. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पीठ लागलेले हात तसेच.

मी डोळे मिटले, खोल श्वास घेतला. "वार्निश, बाबा," मी मोठ्याने म्हणाले. "ओलं आहे अजून. जळलेलं नाही."

आणि वास गेला. हळूहळू विरला नाही – गेला. तिघांनाही तो क्षण कळला.

वायूचे रेणू असे एकाएकी नाहीसे होत नाहीत, हे मला ठाऊक आहे. यंत्र आजही उत्तम चालते. दर सुट्टीत मी ते विनाकारण खोलते, नाकाशी धरते. काही येत नाही. स्पष्टीकरण माझ्यापाशी नाही. वर्गात सर्वांत आधी उत्तर देण्याची माझी जुनी सवय... त्या दिवशी तरी, घटकाभर, उत्तर येत नसल्याचे सोंग करायला हवे होते.