पाटसच्या माळावर ‘हं’ म्हणणारं कोण होतं

लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. भर दुपारी, उघड्या माळावर मी नवऱ्याशी कडाकडा भांडले... आणि नवरा तिथं नव्हताच. हसा खुशाल. नातवंडंही हसतात.

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आम्ही बौद्ध. वडील दौंडला रेल्वेत. अंगारे, उतारे यातलं काही त्यांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. शेजारणीच्या अंगात आलं की मी तिच्या कानाशी जाऊन ‘चहा टाकू का’ म्हणून विचारायचे. इतकी मी शहाणी.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरचा दुसरा हिवाळा असेल. आमच्या ह्यांचा शिरूरला छोटासा फोटो स्टुडिओ होता. लग्नाचे, शाळेच्या ग्रुपचे फोटो काढून पोट चालायचं, पण जीव सगळा जनावरांत. पुण्याचा एक कॅलेंडरवाला म्हणाला होता, लांडग्याची पिल्लं बिळाबाहेर खेळताना दाखवा, मग पुढचं सगळं काम तुम्हाला. स्टुडिओ सोडून रानात हिंडायचं ह्यांचं स्वप्न त्या एका फोटोवर टांगलेलं. पाटसजवळच्या माळावर त्यांनी बीळ हेरलं आणि समोर बाभळीच्या फांद्या, गोणपाट लावून लपण केलं. कॅमेरा घेऊन लपून बसायची जागा.

माझं काम सोपं होतं. लपणात दोघांनी शिरायचं आणि मी एकटीनं मोठमोठ्यानं बोलत निघून जायचं. जनावराला मोजता येत नाही म्हणे. माणसाचा आवाज लांब गेला की त्याला वाटतं, जागा मोकळी झाली. दिवस मावळताना मीच त्यांना न्यायला परत यायचं. त्याआधी कुणी फिरकलं तर लांडगी पिल्लं उचलून दुसरीकडं नेणार.

नेमकं त्याच दिवशी दौंडला माझ्या धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते. ह्यांनी मला तिकडं न्यायचं सोडून पाटसलाच एसटीतून उतरवलं. मी गुलाबी नायलॉनची साडी नेसून, पावडर लावून निघालेली — लांडग्यांना भेटायला. वरून, गुलाबी रंग लांबून उठून दिसू नये म्हणून ह्यांनी माझ्याभोवती खाकी चादर गुंडाळली. पोस्टातल्या पार्सलासारखी दिसत असणार मी.

ह्यांना लपणात बसवलं आणि फणकाऱ्यानं निघाले. थोडी पुढं गेले तोच मागं कुसळांत पावलं वाजली. म्हटलं, आले समजूत काढायला. मग मी कसली वळून बघतेय.

“आता कशाला आलाय? बसा की त्या लांडगीपाशी. तीच करील तुमचा स्वयंपाक.”

मागून आवाज आला, “हं.”

“बायकोच्या माहेरचं काही निघालं की कॅमेरा गळ्यात. तुमच्या आईनं हेच शिकवलं व्हय?”

“हं.”

भांडणात नुसतं ‘हं’ म्हणायची ह्यांची सवयच होती, म्हणून मी सासूबाईंच्या सगळ्या पिढ्या काढल्या. एकदा मात्र ते ‘हं’ फार जवळून आलं. अगदी मानेशी. आणि तिथं चादरीखाली गार लागलं. मी चादर घट्ट ओढली आणि बोलत राहिले. आता वाटतं, कुठून एवढा दम आणला होता मी.

रस्त्याकडेच्या झाडाखाली ओळखीचे धनगर आबा मेंढरं घेऊन बसलेले. त्यांच्यापाशी पोचल्यावर मी मागं न बघताच म्हणाले, “बसा आता सावलीला.”

“कुणाला म्हंतीस, पोरी?” आबांनी विचारलं.

“ह्यांना.”

“मालक कुठंयत? एकलीच तर आलीस बडबडत. मला वाटलं, गानं म्हंतीया.”

मी वळले. माळ मोकळा. कुसळंसुद्धा हलत नव्हती. आबांची दोन कुत्री, लांडग्याच्या अंगावर धावून जाणारी... ती माझ्या मागं बघत, शेपट्या पायांत घालून मेंढरांत शिरत होती. आबांनी ते पाहिलं आणि त्यांचं हसू गेलं.

“मालक तिथं एकलंच हायत?”

आत्ता परत गेले तर लांडगी जाणार, फोटो जाणार, नवऱ्याचं सगळं जाणार. आणि नाही गेले तर? जे माझ्या मागून आलं, ते लपणाच्या बाजूनंच आलं होतं. मग लपणात काय उरलं असेल?

चपला हातात घेऊन मी पळाले. आबा काठी घेऊन मागं. कुत्री काही केल्या येईनात, आणि अर्ध्या वाटेवर आबाही थांबले. म्हणाले, “मी हितनं बघतो. हाळी दे.”

“अहो,” मी लांबून हाक मारली. पुन्हा मारली.

गोणपाट उचललं. हे बसलेले होते. कॅमेरा डोळ्याला, बोट बटणावर, आणि थंडीत सदरा घामानं चिंब. खांद्याला हात लावला तेव्हा कुठं कॅमेरा खाली आला. त्यांनी आधी माझ्याकडं नाही, माझ्या मागं बघितलं.

“एकलीच हाईस न्हवं?”

“आबा थांबलेत वाटेत.”

“आबाच हायत ना? नीट बघितलंस?”

कॅमेरा गळ्यात अडकवला आणि मला पुढं घालून रस्त्याकडं निघाले. तो रोल धुतलाच नाही, त्यावर एकही फोटो काढलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी बीळ रिकामं. कॅलेंडरवाल्यानं काम दुसऱ्याला दिलं आणि स्टुडिओ आणखी काही वर्षं चालवावा लागला. पुढं ह्यांनी भीमेकाठच्या पाखरांचे फोटो काढले, नाव झालं, पण मला कधी लपणापर्यंत येऊ दिलं नाही. कायम एकटे जायचे, एकटे यायचे.

मी माझ्यापरीनं डोकं चालवलं. म्हटलं ऊन असेल, राग असेल, माझाच आवाज घुमला असेल. पण त्या माळाला डोंगर नाही की भिंत नाही, आवाज घुमणार कशावर?

मागच्या वर्षी ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी बांधून पडले होते, तेव्हा मी सहज विचारल्यासारखं केलं. म्हटलं, “त्या दिवशी काही दिसलं होतं ना तुम्हाला? मुंगी दिसली तरी फोटो काढणारा माणूस, मग तेव्हा का नाही काढला?”

मग म्हणाले, “लपणाला घासूनच गेलं ते, तुझ्या मागं. बटण दाबलं असतं तर खट्ट झालं असतं, आन् तू वळून बघितलं असतंस.”