ओली नेलेली काच

कुठलंही दार लावण्याआधी अण्णा जवळची खिडकी बोटभर उघडत. गाडीचं दार असो, न्हाणीघराचं असो, की पाहुणे म्हणून गेलेल्या घराचं. आधी खिडकी, मग दार. ऐन थंडीतही. आई वैतागायची. "चोराला आपल्याकडे काही कष्टच नाहीत," ती म्हणायची, "घरधनी स्वतःच वाट करून ठेवतो."

"हवेला बाहेर पडायला जागा नको?" अण्णा म्हणत. "कोंडली की ती जिथं कच्चं असेल तिथून निघते."

लेक खाली मान घालून जेवत राही. हे वाक्य कुठल्या दिवसापासून घरात आलं ते तिला माहीत होतं.

अण्णा गाड्यांच्या काचा बसवत. त्यातही त्यांचा खरा हात उघड्या टपाच्या महागड्या गाड्यांवर, ज्यांचं छप्पर कापडाचं असतं आणि बटण दाबलं की घडी होऊन मागे जातं. त्या कापडात मागच्या बाजूला एक काच असते, उघड्या वहीपेक्षा जराशी मोठी. पत्र्यातली काच पत्रा धरून ठेवतो. कापडातली काच नुसती गोंदाच्या भरवशावर असते. हे काम धड करणारे शहरात दोघंतिघंच होते. लेक टप शिवायची, अण्णा काच बसवायचे. दिवसभरात "धर", "सोड" आणि "जरा तुझ्याकडे" एवढ्या बोलण्यावर बापलेकीचं भागायचं.

तो दिवस आला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. कॉलेजात नाव होतं, पण पाय वर्कशॉपमध्ये. एक पिवळी गाडी आली होती, इतकी ठेंगणी की आत बसणाऱ्याला आधी जमिनीशी सलोखा करावा लागे. काच दुपारी बसवून झाली. गोंद वाळायला किमान एक अख्खा दिवस हवा. संध्याकाळी मालक दारात उभा.

"दहा मिनिटांवर घर आहे हो. गोगलगायीसारखी नेतो."

"उद्या दुपारी न्या."

"अण्णा, तुम्ही मला नाही म्हणणार?"

अण्णांना नाही म्हणता येत नसे. भीड भिकेची बहीण, हे आई त्यांना लग्नापासून ऐकवत आली होती. ते गाडीच्या आत वाकले. डाव्या खालच्या कोपऱ्यात गोंदाची पट्टी काचेबाहेर थोडी जाड सुटली होती. तिच्यावर त्यांनी अंगठा दाबला. ठसा उमटला, रेषा न् रेषा. म्हणजे गोंद अजून लोण्यासारखा होता. त्या ठशाकडे ते थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अस्तर लाव गं."

लेकीनं अस्तराची कड घालून कोपरा शिवून टाकला. काळा दोरा संपला होता म्हणून शेवटचे चार टाके निळ्यानं घातले. आतल्या बाजूला कोण बघतंय.

मालक आत बसला आणि सगळ्या खिडक्या बंद ठेवून त्यानं दार ओढलं. धप्प. काचेभोवतीचं कापड क्षणभर गालासारखं फुगलं आणि बसलं. दोघांनीही ते पाहिलं. गाडी गेली. अण्णांनी कामाच्या रजिस्टरात तारीख टाकली, गाडीचा नंबर आणि मालकाचा फोन लिहिला आणि पुढे दोन शब्द लिहिले: ओली नेली.

दुसऱ्या दिवशी सीटवर अंथरायला तिनं वर्तमानपत्र घेतलं. आतल्या पानावर खाली चार ओळी होत्या. त्या ती वाचत गेली आणि थांबता आलं नाही. काल रात्री टेकडीच्या रस्त्यावर पुढच्या गाडीची मागची काच सुटली आणि स्कूटरवरच्या एका बुक बाइंडरच्या तोंडावर आदळली. एक डोळा वाचण्याची शक्यता कमी. गाडी ठेंगणी, टप कापडी, थांबली नाही. रंगाबद्दल पाहणाऱ्यांचं एकमत नाही.

अण्णांनी रजिस्टर उघडलं आणि मालकाचा नंबर फिरवला. पलीकडे दोनदा घंटी वाजली. त्यांनी फोन ठेवून दिला.

"विचारलं तर कळेल," ते म्हणाले.

त्यांनी पुन्हा कधी फोन केला नाही, आणि मालकही परत आला नाही. तिथून पुढे अण्णांना रस्त्यात उघड्या टपाची गाडी दिसली की ते तिची पाठ निघून जाईपर्यंत बघत. कुठंही दार आपटलं की हातातलं काम थांबे. एखादा पाठमोरा माणूस हाक ऐकून थांबतो, तसे ते थांबत. मग पुन्हा कामाला लागत.

दोन महिन्यांनी एका सकाळी रजिस्टराचा कणा फाटलेला दिसला. आदल्या दिवशी तो धडधाकट होता. "बांधून आणतो," अण्णा म्हणाले. वर्तमानपत्रात बाइंडरच्या दुकानाची गल्ली छापलेली होती. ते दुसऱ्या कुठल्याही बाइंडरकडे जाणार नव्हते, हे लेकीला त्यांनी चपला घालण्याआधीच समजलं.

बाइंडर मोठा गमत्या निघाला. रजिस्टर हातात घेऊन म्हणाला, "अहो काचवाले, वही आहे की वैरी? कोणी ओढून फाडल्यासारखी दिसते." एक डोळा झाकलेला, दुसरा दोघांचं काम करणारा. गिऱ्हाइकाला सांगायचा, "अर्ध्या नजरेत पूर्ण पुस्तक, दर मात्र तोच." अण्णा त्या दिवशी दोन तास बसून आले. पुढच्या गुरुवारी पुन्हा गेले. मग गुरुवार हा बाइंडरचाच झाला. त्यांनी त्याच्या खुर्चीला नवं कापड चढवलं, दुकानाच्या तावदानाची फुटकी काच बदलली. दोघांचं बोलणं चालायचं ते खळीवर आणि गोंदावर. कशाला किती वेळ दाबून ठेवायचं, पावसाळ्यात काय होतं, घाई केली की पुस्तक कसं तोंड वासतं. लेक कधीकधी सोबत जायची. अपघाताबद्दल अण्णांनी कधी विचारलं नाही, आणि बाइंडरनं कधी सांगितलं नाही.

अशी अकरा वर्षं गेली. एका बुधवारी पिवळी गाडी परत आली.

आता ती एका दातांच्या डॉक्टरीणबाईंची होती. भराभर बोलणाऱ्या, हसऱ्या. त्यांनी गाडी मध्ये कोणाकोणाच्या हातून फिरून आलेली घेतली होती. मागची काच वरच्या कडेला कापडापासून सुटली होती, मधून दोन बोटं जात. "रविवारी मला हवी हं," त्या म्हणाल्या.

"बसवल्यावर तीन दिवस हलणार नाही."

"तीन दिवस? मी दाढ काढून माणसाला अर्ध्या तासात घरी पाठवते!"

"काढलेली पाठवता. बसवलेल्या दाढेनं लगेच सुपारी फोडू देता का?"

बाई हसल्या आणि किल्ली ठेवून गेल्या. अण्णांनी नंबर बघितला. रजिस्टर काढायची गरज नव्हती.

त्या दिवशी त्यांनी गाडीला हात लावला नाही. लेकीला कळत होतं. डाव्या कोपऱ्यातल्या अस्तराखाली जर तो ठसा असेल तर काच अण्णांचीच, म्हणजे ती कधी पडलीच नाही. नसेल तर ती बदललेली, आणि मग का बदलली ते विचारायला नको. चार टाके उसवायचे, बस.

"उसवू का?" गुरुवारी तिनं विचारलं.

"आज हवा दमट आहे."

शुक्रवारी हवा खडखडीत होती. "आज धूळ फार," अण्णा म्हणाले, आणि एका टेम्पोच्या आरशापाशी जाऊन बसले. त्या गुरुवारी ते बाइंडरकडे गेले नव्हते. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

शनिवारी ती त्यांना न विचारता गाडीत शिरली. टप अर्धा सैल केला, अस्तराची कड वळवली. काळे टाके, काळे टाके, मग निळे. चार. तिच्या हातातली कातरी थांबली. अण्णा बाहेर उभे होते. तिनं हाक मारली नाही. टाके कापले, अस्तर मागे घेतलं, आणि बाजूला सरकली.

अण्णा वाकून आत आले. टणक, काळ्या रबरासारख्या झालेल्या पट्टीवर ठसा होता, रेषा न् रेषा. त्यांनी त्यावर अंगठा ठेवला. अंगठ्यावर मधल्या काळात एक काप पडला होता, तेवढा सोडला तर तो नीट बसला.

लेकीला वाटलं होतं, ते रडतील, किंवा हसतील. आईला फोन लावतील. ते गाडीच्या उंबऱ्यावर पाय बाहेर सोडून बसून राहिले.

"अण्णा, आपली नव्हती ती," ती म्हणाली. "सुटलात."

"हो," ते म्हणाले. "मग कोणाची होती?"

दुपारी त्यांनी काच काढली. ती आत, ते बाहेर, मध्ये गोंद कापायची तार. करवतीसारखी दोघांनी ती ओढली. धर. सोड. जरा तुझ्याकडे. काच उतरल्यावर अण्णांनी ठशाचा तेवढा तुकडा सुरीनं कापून घेतला आणि रुमालात बांधला. नवी काच बसवली, वर लेकीनं शिवलेल्या वाळूच्या पिशव्या ठेवल्या, आणि मंगळवारपर्यंत गाडीजवळ कोणाला फिरकू दिलं नाही.

गुरुवारी दोघं बाइंडरकडे गेली. "काय हो, गेल्या खेपेला दांडी? मी दोघांचा चहा एकट्यानं प्यायलो," तो म्हणाला. अण्णांनी रुमाल सोडला, तुकडा टेबलावर ठेवला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. तारीख, संध्याकाळ, धप्प, फोन. शेवटी म्हणाले, "ती माझी काच नव्हती. शनिवारी कळलं."

बाइंडर दाबयंत्राचा दांडा धरून होता. त्यानं तो सोडला.

"मला वाटत होतं तुमचीच," तो म्हणाला.

अण्णांना काही कळेना.

"पहिल्याच दिवशी रजिस्टर बांधताना पान बघितलं. ती तारीख मला पाठ आहे, काचवाले. पुढं तुमच्या हातचं, 'ओली नेली.' त्या आठवड्यात पोलिसात जाणार होतो. मग गुरुवारी तुम्ही आलात. म्हटलं, आज सांगेल. मग म्हटलं, पुढच्या गुरुवारी सांगेल. मनातल्या मनात तुम्हाला काय काय बोललो असेन! आणि समोर चहा." तो हसायला गेला. "मग सवय झाली. डोळा गेला, पण कोणामुळं गेला ते ठाऊक होतं. तो माणूस दर गुरुवारी येतो, खुर्ची शिवून देतो, खाली मान घालून बसतो. असं कोणाच्या नशिबी असतं?"

त्यानं तो काळा तुकडा उचलला, एका डोळ्याजवळ नेला, ठशावरून बोट फिरवलं आणि अण्णांसमोर सरकवून ठेवला.

"आता पुन्हा कोणीच नाही," तो म्हणाला. "सांगितलं नसतंत तर चाललं असतं."

दुकानात खळीचा आंबूस वास होता. बाहेरून कोणी हातगाडी ढकलत गेलं. लेकीला वाटलं, आता अण्णा उठतील आणि हा गुरुवार संपेल. अण्णांनी तुकडा रुमालात गुंडाळून खिशात टाकला आणि खुर्ची ओढून बसले.

"तो सापडेपर्यंत," ते म्हणाले, "मला धरा."

बाइंडर चहा ठेवायला उठला. म्हणाला, "साखर कमी घालू ना?"

त्यानंतर अण्णांनी शोध घेतला. शहरातल्या दुसऱ्या दोन काचवाल्यांपैकी एक वारला होता. दुसऱ्यानं ती तारीख ऐकली आणि फोन ठेवला. अण्णांनी त्याला पुन्हा फोन केला नाही. फोन ठेवणाऱ्या हाताची त्यांना ओळख होती. कधीकधी काम करता करता ते मध्येच लेकीला विचारत, "त्याला झोप लागत असेल का गं?" आणि उत्तराची वाट बघत नसत. दार आपटलं की ते अजूनही थांबत. आधी ते स्वतःसाठी थांबायचे. आता त्या परक्या माणसाच्या वतीनं थांबत. ते ओझं जास्त जड असावं, कारण ते उतरवून कुठं ठेवायचं तेच माहीत नव्हतं.

गुरुवार मात्र चुकला नाही. अजून दोन वर्षं.

मग त्यांची छाती भरली. डॉक्टरांनी पायऱ्या चढायला बंदी केली, आणि त्या आठवड्यात अण्णा उशीला टेकून, डोळे मिटून पडून असत. गुरुवारी दुपारी लेक कामावरून आली, तर ते जागे होते. आई त्यांच्या पायाशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आज गुरुवार," ते म्हणाले.

"हो. मी जाऊन येते काकांकडे."

"काय सांगशील?"

"सांगेन, अण्णांनी पाठवलंय."

त्यांनी मान हलवली. तिनं ओढणी घेतली, चपला पायात सरकवल्या. ती दाराशी पोचली तेव्हा त्यांनी हाक मारली. ती मागे वळली.

"डावीकडे बसू नकोस," अण्णा म्हणाले. "त्या बाजूचं त्याला दिसत नाही. मग तो उगाच सारखी मान वळवत बसतो."