यादीत जानकीचं नाव नव्हतं

मी शाळेत विज्ञान शिकवते. अंगात येणं, उतारा, नजर, असलं काही घरात चालू देत नाही, आणि हे लिहिल्यानंतरही चालू देणार नाही. मला भुताचा अनुभव आला असं कुणी म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन. मी फक्त काय घडलं ते सांगते आहे... आणि सांगताना अजून संताप होतो, तेवढा समजून घ्या.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. आमचं घर शहापूर तालुक्यात, शेणव्याच्या अलीकडे. कौलारू घर, पुढे पडवी, पडवीला लागूनच गोठा, मागे स्वयंपाकघर आणि त्यामागे उतरत्या कौलांची छोटी पडवी. मिस्टर कल्याणला नोकरीला, मी शहापूरच्या शाळेत. माझे वडील, दादा, मूळचे मुरबाडकडचे, धसईचे. मी एकुलती एक, म्हणून पक्षाघात झाल्यावर त्यांना माझ्याकडे आणलं. उजवी बाजू पूर्ण गेलेली, वाचाही गेलेली. दोन वर्षांत त्यांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. नुसतं "ह... ह..."

दिवसभर त्यांच्यापाशी जानकी असायची. शेताच्या पलीकडच्या वाडीतली. पेज भरवायची, कूस बदलायची, अंग पुसायची. दुपारी एकला तासभर आपल्या घरी जायची, तेव्हा दार नुसतं लोटून जायची. आमच्याकडे दिवसा कुलूप लावत कोण होतं?

पण त्या वर्षी गावात दोन चोऱ्या झाल्या आणि मिस्टरांच्या डोक्यात अलार्म शिरला. चोराचाही आणि आगीचाही. मी म्हटलं, घ्यायचाच तर नीट चौकशी करून घेऊ. कल्याणच्या एका दुकानदाराकडे नुसता भोंगा होता. तो वाजणार, पण ऐकणार कोण? मुंबईच्या एका कंपनीने "शेणवा आमच्या एरियात नाही" म्हणून फोनच ठेवला. तिसरी कंपनी ठाण्याची. तिचं म्हणणं, घरात काही झालं की यंत्र आपोआप टेलिफोनच्या लाइनवरून त्यांच्या कंट्रोल रूमला कळवणार, तिथे चोवीस तास माणूस बसलेला, तो आधी आपल्याला फोन करणार, पासवर्ड विचारणार, मग यादीतल्या लोकांना कळवणार. मला हे पटलं. दादा उठू शकत नव्हते, ओरडूही शकत नव्हते. त्यांच्या वतीने ओरडणारं काहीतरी घरात हवंच होतं.

त्यांचा सेल्समन आला. भर उन्हात टाय लावून. घर बघून झालं, आणि जानकी समोर दादांना पेज भरवत असताना हा गृहस्थ म्हणतो, "मॅडम, ही बाई बाहेरची ना? नव्वद टक्के धोका यांच्याकडूनच. हिला चावी नको, कोड नको. रिस्पॉन्सिबल माणसाचं नाव द्या." जानकीचा हात क्षणभर थांबला. मग तिने पुढचा चमचा भरला. मी काय बोलले? काही नाही! त्याला तिथल्या तिथे हाकलायचं सोडून मी मुकाट्याने फॉर्म भरला. संपर्काच्या यादीत पहिले मिस्टर, दुसरी मी, तिसरा समोरचा बबन दुकानदार. चावी आणि कोडही बबनकडेच.

तेव्हापासून जानकी दुपारी दार ओढून घ्यायची, ते आपोआप लॉक व्हायचं आणि चोराचं यंत्र चालू व्हायचं. परत आली की बबनच्या दुकानासमोर उभी राहायची. त्याचं गिऱ्हाईक उरकलं की तो येऊन दार उघडून द्यायचा आणि कोड दाबून यंत्र बंद करायचा. एक दिवस मी तिला विचारलं, राग येतो का? "नाय गो बाय," म्हणाली, "उन्हात उभं रावाची सवय हाय आमाला."

आता माझी चूक. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये राब भाजतात. भाताची रोपं करायची त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून पेटवतात. महिना-दीड महिना गावभर धूर. ठाण्याच्या शहाण्यांना हे कुठून माहीत असणार? पण मला तर माहीत होतं ना! यंत्र बसवून आठ दिवस झाले आणि छताला लावलेला तो धूर ओळखणारा डबा जो वाजू लागला... एका आठवड्यात चार वेळा. दादा दचकून थरथरायचे. कंपनीला फोन केला तर "मॅडम, खिडक्या बंद ठेवा." एप्रिलमध्ये! शेवटी स्टुलावर चढून मी स्वतःच्या हाताने त्या डब्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली आणि रबरबँड लावला. राब संपले की काढू म्हटलं. विज्ञानाची शिक्षिका मी.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात रस्त्याच्या कामावर जेसीबीने टेलिफोनची केबल तोडली. सोमवारी. आमच्या आळीतले सगळे फोन बंद. बबनकडे तेवढा अँटेनाचा बिनतारी सेट होता, तो चालू. मी शाळेतून कंपनीला विचारलं, लाइनच बंद आहे, आता तुमचं यंत्र कळवणार कसं? उत्तर काय मिळालं, तर "मॅडम, सिस्टिम बॅकअपवर आहे, निश्चिंत राहा." बॅकअप म्हणजे भोंग्याची बॅटरी, हे मला नंतर कळलं. याला मी थाप म्हणते. दुसरा शब्द नाही.

गुरुवार. परीक्षा संपल्या होत्या, आम्ही पेपर तपासत बसलो होतो. दीड वाजायला आला असेल. शिपाई सांगत आला, ऑफिसात फोन आहे. पलीकडे कंट्रोल रूमची मुलगी. घाबरलेली.

"मॅडम, तुमच्या घरी आग लागलीय. साहेबांचा फोन लागत नाही. आणि मॅडम... जानकी कोण? तुमच्या यादीत जानकी नावाचं कुणीच नाहीये."

मी ओरडले, "बबनच्या दुकानात फोन लाव! जो असेल त्याला सांग, जानकीला हाक मारा!"

तिने लावला. बबन धसईच्या बाजाराला गेला होता, आमची चावी त्याच्या खिशात. फोन त्याच्या बायकोने उचलला आणि तिने रस्त्यात येऊन वाडीच्या दिशेने जानकीच्या नावाने बोंब ठोकली.

पुढचं मला गावकऱ्यांनी सांगितलं. शेजारच्या राबाची ठिणगी आमच्या गोठ्यातल्या पेंढ्यावर पडली होती. धूर सगळ्यांना दिसत होता, पण त्या दिवसांत धुराकडे बघतं कोण? पुढची पडवी पेटलेली, पुढचं दार लॉक, मागच्या दाराला आतून अडसर. जानकी आली ती कुणाशी न बोलता मागच्या पडवीवर चढली, भराभर कौलं उपसली आणि स्वयंपाकघरात उतरली. ती उतरताक्षणी भोंगा वाजला! आगीला नाही वाजला, तिला वाजला. घरात चोर शिरला म्हणून. त्या कर्कश आवाजात तिने दादांना सतरंजीवर घेतलं, ओढत मागच्या दारापर्यंत आणलं, अडसर काढला.

सहकाऱ्याच्या मोटरसायकलवरून मी पोचले तेव्हा पुढची पडवी आणि दादांची खोली जळून गेली होती. दादा जांभळीखाली सतरंजीवर, खोकत, पण जिवंत. जानकीच्या दोन्ही हातांना कौलांनी कापलेलं. भोंगा अजून बोंबलत होता. तो बंद करायचा कोड तिथे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हता.

चौथ्या दिवशी कंपनीचे लोक पुष्पगुच्छ घेऊन हजर. सोबत फोटोग्राफर. "चाळीस सेकंदांत आमच्या सिस्टिमने सिग्नल दिला" असं छापायचं होतं त्यांना, आणि त्यासाठी दादांचा भोंग्याखाली फोटो हवा होता! मी म्हटलं, लाइन तीन दिवस मेलेली, डब्यावर पिशवी, सिग्नल आला कुठून? त्यांचा साहेब हसून म्हणाला, "मॅडम, रिझल्ट महत्त्वाचा." पुष्पगुच्छासकट त्याला बाहेर काढलं.

पण प्रश्न डोक्यातून जाईना. मी ठाण्याला त्यांच्या ऑफिसात गेले. रेकॉर्डिंग मागितलं, तर म्हणे टेपवर पुढचं रेकॉर्डिंग झालं. रजिस्टर दाखवेनात. परत निघाले तेव्हा ती फोनवाली मुलगी जिन्यात माझ्यामागे आली. रेश्मा तिचं नाव. हळूच म्हणाली, "मॅडम, सिग्नल आलाच नव्हता. फोन आला होता."

"कुणाचा?"

"तुमच्या घरच्या नंबरवरून. डिस्प्लेवर दिसत होता. म्हातारे गृहस्थ होते. मी नियमाप्रमाणे पासवर्ड विचारला. 'ढवळ्या' म्हणाले. मग म्हणाले, 'पोरी, जानकीला सांग गो, म्होरनं येव नको, मागची कौलं काढ. टाइम नको घालवू.' आणि ठेवला."

मी जिन्यातच बसले. ढवळ्या हा धसईला आमच्याकडे होता तो बैल, मी लहान असताना. तो पासवर्ड मी फॉर्मवर नुसता लिहून दिला होता, मिस्टरांनासुद्धा सांगितला नव्हता. आणि "पोरी"... दादा धडधाकट होते तेव्हा गावातल्या प्रत्येक मुलीला पोरीच म्हणायचे.

फोन आमच्या मधल्या खोलीत होता, दादा पडवीलगतच्या. त्यांना कूससुद्धा बदलता येत नव्हती. केबल शनिवारी जोडली. जोडणाऱ्या लाइनमनने मला तुटलेली टोकं दाखवली होती, चांगली हातभर अंतरावर. रेश्माला खोटं बोलून काय मिळणार? तिची तर नोकरी जायची. आणि थट्टाच म्हणावी, तर ढवळ्या कुणाला ठाऊक?

नातेवाइकांना निमित्तच मिळालं. देवीने राखलं, ओटी भरा, कोंबडा द्या. अरे, ज्या बाईचे हात फाटले तिची कुणी विचारपूस केली का? एकाने तर मला बाजूला घेऊन विचारलं, "कौलांवरून इतकी सराईत उतरली कशी हो ती?" त्याच्याशी मी आजतागायत बोलत नाही.

ते यंत्र मी काढून टाकलं. चावी जानकीच्या कमरेला गेली. दादा त्यानंतर दोन पावसाळे जगले, पण बोलले नाहीत. एकदा मी फोन त्यांच्या मांडीवर ठेवून विचारलं, "दादा, तुम्हीच केलात का?" त्यांनी डावा हात रिसीव्हरवर ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला. हो की नाही, मला काही कळलं नाही.

दादा गेल्यावर मी जानकीला रेश्माने सांगितलेलं सगळं सांगितलं. म्हटलं, तुला भीती नाही वाटत? कुणी बोलावलं असेल तुला?

ती भांडी पुसत होती. "कोनी बोलवलं त्याचा मना काय, बाय," ती म्हणाली. "बोलवलं, मी आले. तुमी तर चावी पन देत नवता."

मेलेल्या लाइनवरून फोन कसा आला, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. शोधून थकले. आणि जानकीच्या त्या बोलण्यावर मी एवढंच केलं, दुसरं फडकं घेतलं आणि तिच्याशेजारी भांडी पुसायला बसले.