पायरीची उंची

दोन कंपन्यांच्या मोठ्या गाड्यांतून एक निवडायची म्हणून मी वहीत सतरा मुद्दे काढले होते. पहिल्या शोरूममध्ये आईने गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवला आणि ती तशीच अडकली. वर चढवेना, पाय खालीही घेववेना.

“चढ की आजी, विमान नाहीये ते!” माझी मुलगी म्हणाली.

आई हसली. “तुम्ही या गं फिरून. मी बसते इथे.”

माणसं आपल्यातून अशीच वजा होत असावीत, कुरकुर न करता, दुसऱ्यांची सोय बघून.

समोरच्या शोरूममध्ये आम्ही आईलाही घेऊन गेलो. तिथला विक्रेता बॉनेट उघडू लागला.

“ते नंतर,” मी म्हटलं. “आधी मागचं दार उघडा.”

पायरी इथेही तेवढीच उंच होती. आईने चपला काढल्या, माझा खांदा घट्ट धरला आणि पाय उचलला.